‘बरे होणे’ आणि ‘घरी जाणे’ : यकृत-शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषेतील एका संज्ञेचा विचार

यकृताचा भाग काढून टाकण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाची शुश्रूषा कशी व्हावी, याविषयीची जुनी समजूत ‘एन्हान्स्ड रिकव्हरी’ या पद्धतीने पुष्कळशी पालटली आहे. कोपनहेगनचे शल्यवैद्य हेन्रिक केलेट यांनी १९९७ मध्ये या विचाराची तात्त्विक बैठक मांडली. आतड्याच्या शस्त्रक्रियेत रुजून ही पद्धत पुढे यकृताकडे वळली. यकृतासाठी तिचे मार्गदर्शक नियम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत पंचवीस शिफारशी ग्रथित झाल्या. दीर्घ उपवास टाळावा, नाकातील नळी व निचऱ्याची नळी सरसकट ठेवू नये, रुग्णास लवकर खाऊ घालावे व लवकर चालवावे, असे त्यांचे स्वरूप आहे. शस्त्रक्रियेने शरीरावर पडणारा ताण कमी करणे हे या सर्वांमागील सूत्र होय.

पद्धतीच्या उपयुक्ततेविषयी येथे वाद नाही. प्रश्न आहे तो ‘रिकव्हरी’ या शब्दाने नेमके काय मोजले जाते, हा. या पद्धतीचे आरंभीचे नाव ‘फास्ट-ट्रॅक’ असे होते. त्यातील वेगाचा उच्चार नव्या नावाने वगळला; परंतु दिवस मोजण्याची सवय मात्र सुटली नाही. इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील चाचणीचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत नव्या पद्धतीचे रुग्ण घरी जाण्यास योग्य होण्याचा मध्यक काल तीन दिवस व प्रत्यक्ष रुग्णालयवासाचा चार दिवस होता. रूढ पद्धतीत हेच आकडे सहा व सात होते. घरी जाण्याची पात्रता आणि प्रत्यक्ष घरी जाणे या दोन घटना भिन्न आहेत, हे या आकड्यांतूनच दिसते. बरे होणे ही तर तिसरीच घटना.

यकृताच्या बाबतीत हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. उरलेल्या यकृताची वाढ कित्येक आठवडे चालते. शिवाय शस्त्रक्रियोत्तर यकृत-निष्क्रियतेच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत पाचव्या दिवशी वा त्यानंतर आढळणारे रक्तातील बिघाड प्रमाण मानले आहेत. म्हणजे चौथ्या दिवशी घरी गेलेल्या रुग्णाच्या यकृताविषयीचा तो प्रश्न विचारण्याची वेळ तेव्हा आलेलीही नसते.

यावर असा आक्षेप संभवतो की, याच चाचणीत अठ्ठावीस दिवसांपर्यंत रुग्णांच्या जीवनमानाचीही नोंद घेतली होती व ती नव्या पद्धतीस अनुकूल ठरली. आक्षेप रास्त आहे. पण त्यातून मूळ मुद्दाच बळकट होतो. वैद्यकाला हे तीन अर्थ वेगळे मोजता येतात. त्यांना एकच नाव देण्याची चूक संज्ञेची आहे.

मराठी परिभाषेने ती चूक पुढे चालवू नये. ‘शीघ्र स्वास्थ्यलाभ’ असा शब्द घडविल्यास मूळ नावाने टाकलेला वेग परत येतो आणि रुग्णाच्या मनात नसती अपेक्षा निर्माण होते. मराठी माणूस ‘रजा मिळाली’, ‘हिंडू-फिरू लागला’ आणि ‘बरा झाला’ ही तीन विधाने सहसा एकमेकांच्या जागी वापरीत नाही. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकात हाच भेद राखला पाहिजे. ‘चार दिवसांत बरे व्हाल’ आणि ‘सर्व ठीक असल्यास चार दिवसांत घरी जाता येईल’, या दोन वाक्यांपैकी दुसरे वाचलेला रुग्ण घरी कावीळ दिसताच परत येईल; पहिले वाचलेला कदाचित वाट पाहत बसेल.