बिंदुलेखनातील क्रमाचा प्रश्न

‘रामाने रावणाला मारले’ या वाक्यातील पदे उलटसुलट केली तरी मारणारा रामच राहतो. विभक्तिप्रत्यय अर्थाची राखण करतात. रिलेशनल डेटाबेसमध्ये भूमितीय माहिती मजकूररूपाने पाठविण्याची जी प्रमाण लेखनपद्धती आहे, तिला ही सोय नाही. ‘पॉइंट(७३.८५ १८.५२)’ यातील रेखांश कोणता व अक्षांश कोणता, हे केवळ स्थानावरून ठरावयाचे, आणि त्या स्थानाविषयीच एकमत नाही. ४३२६ क्रमांकाची संदर्भप्रणाली अक्षांश आधी मानते. पोस्टजीआयएस तरीही रेखांश आधी वाचते. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीला पहिला आकडा म्हणजे क्ष, एवढेच ठाऊक होते. २०१८ साली स्थिरावलेल्या ८.० आवृत्तीने मात्र प्रणालीचा शब्द प्रमाण मानला. तत्त्वतः हे योग्यच. परंतु ४३२६ हा क्रमांक नोंदविणाऱ्या जुन्या आज्ञावलीतील तीच ओळ तेथून निराळा अर्थ सांगू लागली. पुण्याचा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेस, बेअर बेटानजीकच्या समुद्रात जाऊन पडतो, आणि डेटाबेस तक्रार करीत नाही, कारण ७३.८५ हा अक्षांशही संभवतो. गुवाहाटीचा रेखांश ९१ अंशांपलीकडे असल्याने तेथील चूक तत्काळ उघडी पडते. महाराष्ट्रातील एकाही गावाला हे भाग्य नाही!

वाचताना तरी विभक्ती मिळते: ८.० मध्ये ‘एसटी_लॅटिट्यूड’ व ‘एसटी_लाँजिट्यूड’ ही नामनिर्देशक फलने उपलब्ध आहेत. लिहिताना क्रम स्पष्ट सांगण्याची तरतूदही आहे. पण ती ऐच्छिक ठेवली आहे, हा या रचनेतील खरा दोष होय.