मळसूत्राचा माथा

स्क्रूच्या आट्यांचं नाव निदान बोलण्यात तरी येतं. 'आटे गेले' म्हणतो आपण. माथ्याकडे लक्ष जातं ते पेचकस सटकून बोटात घुसला की.

कॅनडाच्या पी. एल. रॉबर्टसन यांचा असाच सटकला. हे फिरते विक्रेते. प्रात्यक्षिक दाखवताना हात कापला. मग १९०९ मध्ये त्यांनी चौकोनी खड्ड्याच्या माथ्याचं पेटंट मिळवलं. त्यातली गंमत चौकोनात कमी आणि भिंतींत जास्त आहे. भिंती तळाकडे अगदी किंचित निमुळत्या होतात, त्यामुळे स्क्रू पेचकसाच्या टोकावर आपोआप बसून राहतो. एक हात शिडीला असला तरी दुसऱ्या हाताने आढ्यात स्क्रू बसवता येतो. एवढ्याशा उताराला दाद द्यावी तेवढी थोडी.

हेन्री फिलिप्स यांच्या फुलीत हाच उतार जास्त आहे. १९३० नंतरच्या मोटार कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या असलेल्या कामगाराला खाच शोधायला सवड नव्हती. फुलीत टोक टेकवलं की ते घरंगळत मध्यावर येतं. पण जोर वाढला की तोच उतार टोकाला वर ढकलून देतो. फुली झिजते, गुळगुळीत होते, आणि आपण स्क्रूला शिव्या घालतो. गुण आणि खोड एकाच भिंतीत!

आता भिंग घ्या. फुलीच्या दोन हातांच्या मधोमध केसासारखी बारीक तिरकी रेघ दिसली, तर ती फिलिप्स नव्हे, पोझिड्राइव्ह. हिच्या भिंती जवळजवळ उभ्या, म्हणून टोक सहसा उसळत नाही. जपानी मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरवर तिसरी फुली भेटते. दिसायला फिलिप्सची जुळी, पण बऱ्याचदा गालावर तिळासारखा एक ठिपका. तो न पाहता फिलिप्सचा पेचकस लावला, तर टोक पुरतं बसत नाही आणि मऊ माथा सोलला जातो. एका ठिपक्यात केवढी सूचना!

सहा पाकळ्यांच्या टॉर्क्सबद्दल (१९६७) फार बोलायला नको. ताकद सगळी फिरवण्यातच जाते, वर ढकलण्यात नाही. हुशार आहे, पण पाकळ्यांत रंग साचला की टाचणीने कोरत बसावं लागतं.

साध्या आडव्या खाचेला मात्र सुरीचं टोकही पुरतं. शिवाय तिला दिशा असते. जुने सुतार बिजागरीवरच्या सगळ्या खाचा उभ्या एका रेषेत आणत. हे दिसतं तितकं सोपं नाही. शेवटच्या पाव फेऱ्यात स्क्रू घट्टही व्हायला हवा आणि खाचही सरळ यायला हवी. नाही जमलं तर तो काढून दुसरा लावायचा. आमच्या माजघराच्या दारावरच्या पितळी बिजागरीत सहापैकी पाच खाचा अजून ओळंब्यात आहेत. सहावा स्क्रू मागाहून कुणीतरी बदललाय, फुलीचा.