दोघांचा चेंडू, तिघांचा खेळ

दोन मुली पाच-सहा मीटरवर समोरासमोर उभ्या असतात. एक हलक्या हाताने स्मॅश मारते. दुसरी तो हात जोडून घेते आणि वर परत पाठवते. पहिली तो बोटांनी उचलून पुन्हा दुसरीच्या डोक्यावर ठेवते, आणि आता मारायची पाळी दुसरीची असते. घेणे, उचलणे, मारणे. पुन्हा घेणे, उचलणे, मारणे. जगभर ‘पेपर’ या नावाने ओळखला जाणारा हा जोडीचा सराव व्हॉलीबॉलच्या सामन्याआधी मैदानाच्या कडेला चालू असतो आणि प्रेक्षकांचे त्याच्याकडे सहसा लक्ष नसते. जाणकाराने मात्र तो डोळे भरून पाहावा. जोडी मुरलेली असेल तर कितीतरी वेळ चेंडू जमिनीला लागत नाही, आणि दोघींच्या पावलांचा आवाज चेंडूच्या आवाजाच्या किंचित आधी ऐकू येतो.

ते ‘किंचित आधी’ फार मोलाचे आहे. फुटबॉलपटू चेंडू पायाखाली थांबवू शकतो, बास्केटबॉलपटू तो हातात घेऊन आजूबाजूला बघू शकतो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरणे हाच दोष. स्पर्श सेकंदाच्या काही शतांश भागात संपतो आणि तेवढ्यात कुणालाही कसलाही निर्णय घेता येत नाही. कुठे उभे राहायचे, हात कोणत्या कोनात ठेवायचे, चेंडू कुणाकडे पाठवायचा हे सारे तो येण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गनने 1895 साली हा खेळ रचला तो मध्यमवयीन व्यावसायिकांसाठी, बास्केटबॉलइतकी दमछाक होऊ नये म्हणून. सौम्य म्हणून जन्मलेला हा खेळ शिकवायला इतका अवघड निघावा, याचे कारण त्या न धरता येणाऱ्या चेंडूत आहे. म्हणून नवशिक्यांसाठीचा कोणताही सराव पाहताना मी एकच गोष्ट तपासतो: हा सराव मुलाला स्पर्शाच्या आधीचा क्षण वापरायला शिकवतो का?

पहिला स्पर्श घेऊ. अंडरआर्म पास दिसायला सर्वांत साधा, आणि नवशिक्याची सर्वांत जास्त फजिती इथेच होते. हात सरळ, कोपरे ताठ, अंगठे शेजारी शेजारी, मनगटाच्या वरचा मांसल भाग आकाशाकडे. एवढे सांगून झाले की मूल हात जोडते, चेंडू येताना पाहते आणि जोराने हात वर फेकते. चेंडू डोक्यावरून मागे जातो. चूक हातांची आहे असे वाटून सर पुन्हा हातच दुरुस्त करत बसतात. खरे तर ते मूल चेंडूपाशी उशिरा पोहोचलेले असते. उशीर झाला की शरीर हात झटकून तो भरून काढते.

यावर एक जुना सराव आहे, त्याच्यावर माझे फार प्रेम आहे. समोरून चेंडू हाताखालून अलगद फेकायचा आणि शिकणाऱ्याने तो पास करायचाच नाही. पुढे किंवा बाजूला सरकून, दोन पावलांच्या मधून मागे जाऊ द्यायचा. बस्स. चेंडूला हात लावायचा नाही. पाहणाऱ्याला यात व्हॉलीबॉल काहीच दिसत नाही, पण शिकायचे होते ते सगळे त्यात आहे. चेंडू दोन पायांच्या मधून गेला याचा अर्थ मूल त्याच्यामागे वेळेवर पोहोचले, थांबले आणि गुडघ्यात वाकले. काही वेळाने त्याच जागी, गुडघ्यांच्या उंचीवर, सरळ हातांनी चेंडू पकडायला सांगायचे. पकडल्यावर तसेच थिजून उभे राहायचे आणि स्वतःकडे बघायचे: नाक चेंडूच्या रेषेत आहे का, वजन पायांच्या पुढच्या भागावर आहे का, टाचा टेकल्यात का. त्यानंतर पास करायला सांगितले की हात झटकण्याची गरजच उरत नाही. वाकलेले पाय थोडे सरळ झाले, खांदे किंचित पुढे आले, की चेंडू वर जातो. मुलाच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसते, कारण आपण काही केलेच नाही असे त्याला वाटते.

बाकावर बसवून पास करायला लावण्याचा सरावही याच जातीचा. चेंडू येताना मुलाने बाकावरून उठायचे आणि उठता उठता पास करायचा. उठण्याची ताकद पायांतून येते. हातांना वेगळी हालचाल करायला वेळच मिळत नाही. तोंडाने शंभरदा ‘पायांनी खेळ’ सांगून जे होत नाही ते एक लाकडी बाक करून दाखवतो. चांगल्या सरावाची हीच खूण मला वाटते: सूचना सरांच्या तोंडात न राहता रचनेत असते. आपल्याकडे शूटिंग व्हॉलीबॉल खेळून आलेल्या मुलांसाठी तर हा बाक वरदान आहे. त्यांच्या जोडलेल्या हातांना ठोसा मारून चेंडू थेट पलीकडे धाडण्याची सवय असते. चेंडू मऊपणे उचलून आपल्याच बाजूला ठेवायचा, ही कल्पना त्यांच्या हातांना नवी असते.

दुसरा स्पर्श, लिफ्ट. हाताच्या आकाराविषयी पानेच्या पाने लिहिता येतील, पण सर्वांत सुंदर पाठ जमिनीवर मिळतो. चेंडू जमिनीवर ठेवायचा, त्यावर दोन्ही पंजे पसरून ठेवायचे, दोन्ही अंगठे आणि तर्जन्यांच्या मधे त्रिकोणासारखी खिडकी तयार होते. तसाच चेंडू उचलून कपाळाच्या थोडा वर आणायचा. हात आपोआप बरोबर जागी येतात. 260 ते 280 ग्रॅम वजनाचा हा चेंडू दहाही बोटांवर कसा वाटला जातो हे मुलाला पहिल्यांदा कळते. मग भिंत. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून बोटांनी चेंडू भिंतीवर पाठवत राहायचे. आवाज जितका कमी तितकी लिफ्ट चांगली. भिंतीची कीर्ती मोठी आहे आणि ती योग्यच आहे, कारण चुकीचा चेंडू ती चुकीचाच परत देते. मात्र तिच्यापुढे पाय खिळून जातात. लिफ्टरचे अर्धे काम धावण्याचे असते. पहिला पास जिथे पडेल तिथे जायचे आणि पाय थांबल्यावरच हात वर करायचे. म्हणून भिंतीला मी थोडाच वेळ देईन.

तिसरा स्पर्श मुलांना सगळ्यांत आधी हवा असतो. प्रत्येकाला उडी मारून स्मॅश मारायचा असतो आणि तो हट्ट मोडू नये. उजव्या हाताच्या मुलासाठी डावा-उजवा-डावा अशी तीन पावले, शेवटची दोन जलद. ही पावले चेंडूशिवाय शिकवावीत, मग हातात टेनिसचा चेंडू देऊन नेटवरून फेकायला लावावे. फेकण्याची आणि मारण्याची हालचाल खांद्यातून जवळजवळ सारखीच असते, आणि दगड भिरकावून आंबे पाडणाऱ्या आपल्या मुलांना ती शिकवावीच लागत नाही.

आता पुन्हा त्या जोडीकडे येऊ. तिन्ही स्पर्श तिथे एकत्र येतात आणि चेंडू हवेत राहावा म्हणून दोघींना एकमेकींची काळजी घ्यावी लागते. समोरचीला घेता येईल इतपतच जोरात मारायचे, समोरचीला मारता येईल असाच उचलायचा. स्पर्धेच्या खेळात इतका समंजसपणा क्वचित दिसतो. नवशिक्या जोडीला सुरुवातीला स्मॅश वगळून फक्त पास आणि लिफ्ट करू द्यावेत. जमिनीवर एकदा टप्पा पडला तरी चालेल अशी सूट द्यावी, आणि सलग किती जमले ते मोठ्याने मोजायला लावावे. आकडा वाढू लागला की मुले पाणी प्यायलाही थांबत नाहीत.

आणि तरीही या सरावात एक खोट आहे. चेंडू जिथून येतो तिथेच परत जातो. सामन्यात असे जवळजवळ कधीच होत नाही. सर्व्हिस समोरून, 9 मीटरच्या रुंदीत कुठूनही येते आणि पास द्यायचा असतो नेटजवळ, मधल्या आणि उजव्या जागांच्या दरम्यान उभ्या असलेल्या लिफ्टरला. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला समोरून आलेला चेंडू उजवीकडे वळवायचा असतो. तिचा डावा खांदा किंचित वर आणि उजवा खाली यायला हवा, म्हणजे हातांची फळी आलेल्या आणि जाणाऱ्या वाटांच्या मधोमध तोंड करते. जोडीने कितीही सराव केला तरी हा कोन तिला भेटत नाही. वर्षभर समोरासमोर चेंडू घेण्यात पटाईत झालेली मुलगी पहिल्या सामन्यात सर्व्हिस थेट नेटपलीकडे परत देते, कारण तिच्या हातांना तेवढीच वाट माहीत असते.

उपाय सोपा आहे आणि म्हणूनच देखणा. तिसरी मुलगी आणा, आणि मधे नेट. एक जण नेटच्या पलीकडून चेंडू टाकते, दुसरी तो घेऊन कोनात वळवते, तिसरी नेटजवळ धावत येऊन बोटांनी उचलते, आणि घेणारी मुलगीच पुढे येऊन तो पलीकडे पाठवते. मग जागा बदलायच्या. चेंडू आता त्रिकोणात फिरतो. घेणाऱ्या मुलीला एकाच वेळी येणारा चेंडू आणि लिफ्टरची जागा दोन्ही ध्यानात ठेवावी लागतात. टाकणारीच्या खांद्याकडे, हाताकडे बघून चेंडू लांब येणार की आखूड याचा अंदाज बांधावा लागतो. चुका वाढतात, मोजणी तीन-चारच्या पुढे सरकत नाही, आणि बाजूला उभे पालक म्हणतात की काल तर किती छान खेळत होती. खरे शिकणे आज सुरू झालेले असते.

या निरीक्षणाला अभ्यासाचाही आधार आहे. 1979 साली जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाने एकेक हालचाल पक्की करत पुढे जायचे, दुसऱ्याने तिन्ही सरमिसळ करायच्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. दहा दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा सरमिसळ करणाऱ्यांना जास्त आठवत होते. हे ज्ञान व्हॉलीबॉलच्या मैदानावर आग्रहाने आणले ते कार्ल मॅकगाउन यांनी. ते हालचाली शिकण्याच्या शास्त्राचे अभ्यासक होते आणि अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकही. सामन्यातले कौशल्य सामन्यासारख्या परिस्थितीतच शिकवा, हे त्यांचे म्हणणे. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे, फक्त एका मर्यादेसह: ज्या मुलाला अजून चेंडूची भीती वाटते, हातावर लाल वळ उठले म्हणून जो डोळे मिटतो, त्याला पहिले काही दिवस मऊ चेंडू, बाक आणि एकच हालचाल द्यावी. भीती गेली की लगेच त्रिकोण.

याच्या अगदी उलट टोकाला हिरोबुमी दाइमात्सु उभे आहेत. 1964 साली टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळले गेले, आणि त्यांच्या जपानी महिला संघाने सोव्हिएत संघाला 15-11, 15-8, 15-13 असे हरवून सुवर्ण जिंकले. त्या संघातल्या बहुतेक खेळाडू निचिबो या कापड कंपनीत नोकरीला होत्या. दिवसा काम आणि मग रात्री उशिरापर्यंत सराव. दाइमात्सु एकेकीवर चेंडूंचा मारा करत आणि त्या झेप घेऊन, खांद्यावरून लोळून, त्याच वेगात पुन्हा उभ्या राहत. ते लोळून उठणे ही व्हॉलीबॉलमधली एक अप्रतिम निर्मिती आहे, आणि तिच्यात पुन्हा स्पर्शाच्या आधीचा आणि नंतरचाच विचार आहे. पण तो जगज्जेत्या, प्रौढ खेळाडूंचा सराव होता. त्यातली कठोरता तेवढी उचलून बारा वर्षांच्या मुलांवर चेंडू फेकत राहणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. ती मुले काही महिन्यांत मैदान सोडून जातात.

टाकणाऱ्याबद्दल मात्र सांगायलाच हवे, कारण त्याचे कौतुक कुणी करत नाही. नवशिक्यांचा कोणताही सराव चेंडू टाकणाऱ्या हातावर उभा असतो. चेंडू फार उंच गेला तर मूल खाली उभे राहून वाट पाहते आणि पाय मरतात. फार वेगात आला तर ते हात झटकते. शिकणाऱ्याला दोन पावले टाकावी लागतील, तिसरे लागणार नाही, असा चेंडू पुन्हा पुन्हा टाकणे ही स्वतंत्र कला आहे. ज्या मैदानावर मुलेच एकमेकांना टाकतात तिथे सरांनी पहिला आठवडा टाकणे शिकवण्यात घालवला तर तो वाया जात नाही. दोन्ही हातांनी, खालून, चेंडूला फिरकी न देता.

शाळेच्या मैदानावर वीस मुले आणि दोन चेंडू असतात, रांग लावली जाते, आणि प्रत्येक मुलाला तासाभरात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच स्पर्श मिळतात. यावर जगाने छोट्या मैदानाचे, तीन किंवा चार मुलांच्या संघाचे मिनी व्हॉलीबॉल शोधले. आपल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती त्याच दिशेने आहे. 18 मीटरच्या मैदानाची आणि 2.24 किंवा 2.43 मीटरच्या नेटची वाट पाहू नका. दोन झाडांच्या मधे मुलांच्या हाताला पोहोचेल इतक्या उंचीवर एक लांब दोरी बांधा, तिच्या दोन्ही अंगांना मुलांचे तिघातिघांचे गट करा, मिळतील तेवढे चेंडू द्या, जुने आणि मऊ असले तरी चालतील, आणि रांग मोडून टाका.