सावतोबांच्या मळ्यातली मिरची



आषाढी झाली, दिंड्या परतल्या. आता आषाढ वद्य चतुर्दशीला श्रीसंत सावता महाराजांची पुण्यतिथी येते आहे; एकादशीपासून अठरावी तिथी. या दिवसांत गावोगावच्या सप्ताहांत सावतोबांचा मळ्याचा अभंग कीर्तनाला लागतो. तो तुम्हांला तोंडपाठ आहे, म्हणून इथे उतरवून देत नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या निरूपणाविषयी.

हल्ली कानावर येणारी निरूपणे बहुधा एकाच वळणाची असतात. कांदा आला की संसाराचे पापुद्रे; सोलत जा, हाती काही लागत नाही. मुळा आला की अहंकाराचे मूळ. लसूण म्हणजे विषयाची घाण, मिरची म्हणजे क्रोध. श्रोते माना डोलावतात, टाळ्याही पडतात. पण माउली, जरा थांबून मूळ चरणांकडे पाहा. सावतोबांनी या भाज्यांना आई म्हटले आहे, हरी म्हटले आहे. मग कांदा म्हणजे असार संसार आणि मिरची म्हणजे क्रोध असेल, तर सावतोबांनी असाराला विठाई केले काय? क्रोधाला हरी म्हटले काय? अर्थ लावता लावता आपण संतांच्या तोंडी त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध बोलणे घालतो, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

शास्त्राने यासाठी वाट घालून दिलेली आहे. शब्दाचा सरळ अर्थ जुळत नसेल तरच लक्षणा करावी. ‘गंगेवर गौळवाडा आहे’ असे म्हटले तर प्रवाहावर घरे उभी राहत नाहीत. म्हणून प्रवाह सोडायचा आणि काठ घ्यायचा. ही जहत् लक्षणा, म्हणजे सरळ अर्थ पुरता टाकणारी. ‘कावळ्यांपासून दही राख’ असे आईने सांगितले तर मांजर आली तरी हाकलायची; पण म्हणून कावळ्याला मोकळीक नाही. ही अजहत् लक्षणा. इथे सरळ अर्थ जागेवर राहतो आणि आणखी काही सोबत येते. मळ्याच्या अभंगात कांदा टाकून देण्याचे कारणच नाही. कांदा कांदाच राहिला पाहिजे आणि त्याच्यासकट विठ्ठल आला पाहिजे. आपण मात्र घाईने मळा ओलांडून वेदान्तात जातो, आणि ज्या जागी देव भेटला असे सावतोबा सांगतात तीच जागा मागे पडते.

ती जागा कशी असते, हे हाताला माती लागल्याशिवाय नीट कळत नाही. कीर्तनाची उभी सेवा थांबल्यापासून माझ्या परसातले चार वाफे मीच पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो, अभंगातली भाज्यांची यादी कशीतरी जुळवलेली नाही. कोथिंबिरीचे धने रगडून दोन फाकी करावे लागतात, रात्रभर भिजवावे लागतात, तरी उगवायला आठ-दहा दिवस घेतात. पुढे महिना-सव्वा महिन्यात जुडी हाती येते. मुळा दीड महिन्यात तयार होतो, आणि त्या वेळी काढला नाही तर जून होतो, आत जाळी धरते. मिरचीचे रोप महिना-दीड महिना वाफ्यात वाढवायचे, मग लावायचे, आणि पहिल्या तोड्यासाठी आणखी दोन-अडीच महिने वाट पाहायची. मध्येच चुरडामुरडा आला, की पाने आकसतात आणि केलेले सगळे पाण्यात जाते. लसणाची पाकळी दिवाळीच्या सुमारास टोक वर करून लावली, की चार-पाच महिन्यांनी गड्डा भरतो. उन्हाळी कांद्याचे रोप कार्तिकात टाकावे, पौषाच्या आसपास लावावे. चैत्र-वैशाखात माना पडायला लागल्या की काढावा. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे लागते, नाहीतर कांदा टिकत नाही.

पाहा, एकाच मळ्यात किती निरनिराळे काळ शेजारी शेजारी उभे आहेत. कोणाला आज पाणी हवे, कोणाचे आजच तोडायचे. एक काढायला झाला, दुसरा अजून मातीखाली आहे. माळ्याला एकाही वाफ्याचा विसर पडून चालत नाही. आपण ज्याला अखंड अनुसंधान म्हणतो, ते माळ्याला कुणी शब्दाने शिकवावे लागत नाही. वाफाच ते करवून घेतो. सावतोबांनी त्या अनुसंधानाला विषय दिला विठ्ठल. निरूपणकाराने हे एवढे जरी श्रोत्यांपुढे ठेवले, तरी समोर बसलेल्या शेतकऱ्याला आपल्या हातातले काम ओळखीचे वाटेल. संसाराच्या पापुद्र्यांत त्याला आपला कांदा दिसत नाही.

हेच पुढच्या चरणातल्या साहित्याचे. मोट, तिचे दोर आणि विहीर. आजच्या मुलांनी मोट पाहिलेली नाही. धावेवरून बैल उतरत, थारोळ्यात पाणी कोसळे, पाटाने मळ्यात जाई आणि कोणीतरी दारे धरी. कीर्तनात हे चित्र रंगवावे, पण तिथे थांबू नये. मोट गेली, मोटार आली. वीज रात्रीच्या पाळीत असली की शेतकरी बॅटरी घेऊन अंधारात दारे धरायला जातो. पायाखाली साप-विंचवाचे भय असते. सावतोबांनी मोटेत पंढरी पाहिली, तर या माणसाच्या रात्रपाळीत पंढरी आहे की नाही, हे कीर्तनकाराने सांगायला नको काय? ते सांगितले नाही, तर अभंग जुन्या काळाची शोभा होऊन बसेल.

आता एक अडचणीची गोष्ट. पुण्यतिथी येते ती चातुर्मासात. कांदेनवमीला आपण कांदा पोटभर खाऊन घेतो आणि एकादशीपासून कांदा-लसूण वर्ज्य करतो; काही माळकरी तर बारा महिने शिवत नाहीत. मग श्रोता विचारतो, ‘महाराज, कांद्यात विठाई आहे तर सोडायचा कशाला?’ काही जण अभंगाचा आधार देऊन नेम सोडवतात. काही जण नेमासाठी हा चरण गुळमुळीत करतात. दोघांनीही अभंग नीट पाहिलेला नाही. त्यात खाण्याचे नावच नाही. तो बोलतो आहे पिकवणारा. पावसाळी कांद्याची लावणी आषाढ-श्रावणातच होते. जो माळकरी कांदा ताटात घेत नाही तोच त्या दिवसांत वाकून एकेक रोप लावतो. त्याचा नेमही शाबूत आणि त्याचा विठ्ठलही शाबूत. नेमाचा निवाडा नेमाच्या शास्त्राने करावा. या अभंगाला त्यात साक्षीला ओढू नये.

आणि शेवटी मिरची. शिकलेले तरुण विचारतात आणि ते बरोबरच विचारतात. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज १४९८ साली या देशाच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांच्यामागून ती इकडे आली. सावतोबांनी १२९५ साली देह ठेवला. दोनशे वर्षांनंतर आलेले रोप त्यांच्या मळ्यात कसे? यावर पूर्वी वेगळी मिरची होती वगैरे सांगून वेळ मारून नेणे मला मान्य नाही. व्यासपीठावरून खोटे बोलून संतांची राखण होत नाही. सरळ सांगावे, की हा शब्द नंतरचा आहे. अभंग शतकानुशतके मुखी फिरला. मिरची पिकवणाऱ्या कोणा गाणाऱ्याने आपल्या मळ्यातले रोप त्यात लावले असावे. एक शब्द नंतरचा, म्हणून अख्खा अभंग नंतरचा असे सिद्ध होत नाही. पण चिकित्सा करणाऱ्याला नास्तिक ठरवण्याचाही आपल्याला अधिकार नाही.

मग मिरची गाळावी काय? माझे मत, गाळू नये. पिढ्यांनी म्हटलेला पाठ आहे, चालीत बसलेला आहे. शिवाय हरी मळ्यात आहे असे एकदा मान्य केले, की नव्या रोपात तो नाही असे कसे म्हणणार? ज्याने मिरची घातली त्याला अभंग कळला होता, असे मी म्हणेन. म्हणताना मिरची म्हणावी आणि विचारल्यावर खरे सांगावे, एवढे केले तरी पुरे.

या अभंगाचा आणखी एक गैरवापर होतो. सावतोबा पंढरीला गेले नाहीत, देवच अरणला आला, अशी कथा आहे. म्हणून ‘आपले काम बरे, वारी कशाला’ असे म्हणणारे निघतात. त्यांनी शेवटचा चरण पाहावा. मळा केल्याचे सांगून सावतोबा लगेच स्वतःला विठ्ठलाच्या पायाशी बांधून घेतात. नुसते काम म्हणजे भक्ती, असे ते म्हणत नाहीत. बांधलेल्या माणसाचे काम ही भक्ती आहे. पेरणी खोळंबली म्हणून ज्याची वारी चुकली त्याला या अभंगाचा आधार आहे. कंटाळा आला म्हणून जो घरी बसला त्याला नाही.

तरुण कीर्तनकारांना एवढीच विनंती. पुढच्या वर्षी हा अभंग लावण्याआधी एखादा वाफा करा; जागा नसेल तर दोन कुंड्या पुरतात. धने रगडून पेरा, मुळा लावा, आठवण ठेवून पाणी घाला. मग उभे राहा. पापुद्र्यांचा दृष्टांत तुमच्या तोंडून आपोआप गळून पडेल.