तारशिल्पातील रिकामी जागा

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांच्या तारशिल्पांना ‘अवकाशातील रेखाटन’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो अपुरा आहे. कागदावरील रेषेची पार्श्वभूमी व पाहण्याची दिशा ठरलेली असते; तारेची नसते. काल्डर यांनी १९२६पासून पॅरिसमध्ये नर्तकी जोसेफिन बेकरच्या तारप्रतिमा घडविल्या. त्यांत स्तन व पोट केवळ वेटोळ्यांनी सूचित होतात. देहाची घनता पाहणारा पुरवितो. भोवती फिरताच आकृती विस्कटते, पुन्हा जुळते. म्हणजे सादृश्य तारेत साठविलेले नसून पाहणाऱ्याच्या स्थानानुसार घडत-मोडत असते. वाचक संहितेतील रिकाम्या जागा भरतो, असे मानणाऱ्या वोल्फगांग इझर यांच्या सिद्धान्ताशी याचे साम्य उघड आहे. भेद मात्र महत्त्वाचा. वाचक रिक्तता भरून पुढे सरकतो. तारशिल्पात भरलेली रिक्तताही डोळ्यांना रिक्तच दिसत राहते.