कुंडीचे कॅश-क्रेडिट

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या कारकुनाला कुणी समीक्षक म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण समीक्षक तरी काय करतो? दुसऱ्याने केलेल्या वस्तूत खोट काढतो. ते काम मी काउंटरच्या आतून रोज करत आलो आहे. चेकवरची सही जरा तिरकी दिसली तरी माझ्या कपाळाला आठी पडते. तेव्हा 'आपण घरी नसताना कुंड्यांना आपोआप पाणी घालणारी साधने' या विषयाचं परीक्षण लिहायला मी अगदीच नालायक नाही. शिवाय परीक्षणासाठी घेतलेली सगळी साधनं मी पदरच्या पैशाने विकत घेतली आहेत. पुस्तकांची परीक्षणं लिहिणाऱ्या किती जणांना हे छातीवर हात ठेवून सांगता येईल?

आणि पाण्याबद्दल भांडुपच्या माणसाने बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? मुंबईच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा आमच्या भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातून गाळून पुढे जातो. डोंगरापलीकडे विहार तलाव आहे, तो तर १८६० सालापासून या शहराला पाणी पाजतो आहे. थोडक्यात, पाण्याचं माहेर आमच्याकडे. पण ही माहेरवाशीण आमच्या तिसऱ्या मजल्यावर पहाटे पावणेसहाला येते, आणि पिंप भरतंय न भरतंय तोच 'ह्यांची गाडी चुकेल' म्हणून निघते. असं पाणी मिळवून जगवलेलं झाड म्हणजे काय चीज असते, ते नळाला चोवीस तास पाणी असणाऱ्यांना कळायचं नाही.

आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये सात कुंड्या आहेत. सहा कुंड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. मनी प्लांट कसाही जगतो, आणि कोरफडीला तर आपण घरी नसलेलंच बरं वाटतं. सातवी कुंडी तुळशीची. देवरुखजवळच्या आमच्या घरापुढे जे वृंदावन आहे, त्यातल्या तुळशीच्या मंजिऱ्या आईने पदराच्या गाठीला बांधून आणल्या आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत पेरल्या. ती होती तोवर पाणी तीच घालायची. रोज नाही. आधी मातीत बोट खुपसायची आणि मग ठरवायची. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि तुळस माझ्याकडे आली. मी पाणी सकाळी घालू लागलो, मग संध्याकाळीही घालू लागलो. हातून आईची सेवा राहून गेली असं वाटणारा माणूस तांब्या जरा जास्तच वाकडा करतो.

मे महिन्यात बारा दिवस गावी जायचं ठरलं आणि प्रश्न उभा राहिला. इतकी वर्षं शेजारच्या वहिनी किल्ली ठेवून घेत. त्या बदलापूरला राहायला गेल्या. जाताना आमच्या तुळशीच्या मंजिऱ्या तेवढ्या घेऊन गेल्या. "भावोजी, तुमच्या आईंची आठवण," म्हणाल्या. समोरच्या जागेत नवं बिऱ्हाड आलं होतं, पण त्यांच्याशी ओळख जिन्यात हसण्यापुरती. हसण्याच्या ओळखीवर घराची किल्ली कशी द्यावी? बँकवाला माणूस! तेव्हा मी साधनांकडे वळलो.

पहिलं साधन, उलटी बाटली. बुचाला भोक पाडायचं आणि बाटली मातीत डोकं खाली करून रोवायची. ही कल्पना गरिबाघरची म्हणून मला जवळची वाटली. पण भोक मोठं झालं तर बाटली तासाभरात रिकामी, आणि बारीक राहिलं तर त्यात माती अडकून पाणी जागच्या जागी. मधली स्थिती येते म्हणतात. आमच्याकडे आली नाही.

दुसरं, वात. बादलीत सुती दोरीचं एक टोक, दुसरं कुंडीत. शाळेत ज्याला केशाकर्षण म्हणत ते इथे कामाला लावायचं. साधन प्रामाणिक आहे. फक्त बादली कुंडीपेक्षा खाली ठेवायची, हे मला कुणी सांगितलं नाही. मी ती स्टुलावर ठेवली. उंचावरची वात नुसती शोषत बसत नाही, ठिबकत राहते. सकाळी बादली रिकामी आणि हॉलभर पाणी! आमची ही म्हणाली, "अहो, झाडांना नको, पण लाद्यांना चांगलं आहे हे."

तिसरी, दुहेरी बुडाची कुंडी. खाली पाण्याचा साठा, वर माती, मधे शोषणारी वात, आणि पाणी किती उरलं ते दाखवणारी एक तरंगती काडी. दिसायला सर्वात सुबक. ज्यांना पाय सतत ओले चालतात त्या झाडांना ठीक. पण बऱ्याच झाडांना दोन पाण्यांच्या मधे थोडं कोरडं व्हायला आवडतं. तुळस त्यातलीच.

म्हणून मी चौथ्याकडे गेलो. छोटा पंप, बारीक नळ्या आणि घड्याळ. 'एकदा लावा आणि निर्धास्त व्हा' असं खोक्यावर छापलं होतं. रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, अर्धा अर्धा मिनिट असं मी लावलं. म्हणजे माझीच सवय मी त्याला शिकवली. आणि निर्धास्त होऊन गाडीत बसलो.

बारा दिवसांनी परत आलो तेव्हा यंत्र चालू होतं. एकही वेळ चुकलेली नव्हती. तुळस मेली होती.

वाळून नव्हे. माती चिखल झाली होती, पानं पिवळी पडून गळाली होती, आणि झाड उपसलं तर मुळं काळी, हाताला बुळबुळीत लागणारी. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की ती गुदमरतात आणि मग कुजतात. मी बराच वेळ ती कुंडी घेऊन खाली बसलो होतो. ही काही बोलली नाही. फक्त जाऊन पंपाचं बटण बंद करून आली.

इथे परीक्षणाचा खरा मुद्दा येतो. आपण या साधनांना एकच प्रश्न विचारतो, 'पाणी किती दिवस पुरेल?' विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच : पाणी कुणाच्या सांगण्यावरून सुटतं? बाटलीत ते स्वतःच्या वजनाने सुटतं. पंपात घड्याळाच्या हुकुमाने. दोन्हीकडे झाडाला कुणी विचारतच नाही. याला आम्ही बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतो. खातेदार स्वर्गवासी झाला, तरी कुणी कळवेपर्यंत हप्ता कापला जातोच. वात आणि दुहेरी बूड जरा शहाणी, पण त्यांच्या पायाशी पाणी कायमचं. माती कोरडी व्हायची उसंतच नाही.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. एक, देवळात पिंडीवर अभिषेकपात्र टांगतातच की, तेही न विचारता ठिबकतं. खरं आहे, पण पिंड दगडाची असते आणि देव सोशिक असतो. दोन, ठिबक सिंचन. १९६५ साली इस्राएलच्या हात्झेरिम गावात सिमखा ब्लास नावाच्या इंजिनिअरच्या कल्पनेतून तो धंदा उभा राहिला, आणि आज आमच्या जळगावच्या केळीच्या बागा ठिबकवर उभ्या आहेत. मान्य. पण तिथे नळीपाशी शेतकरी असतो. पाऊस झाला की तो कॉक बंद करतो. मी देवरुखला फणसाचे गरे खात होतो.

मग मातीनेच मागावं आणि मागेल तेवढंच मिळावं, असं काही आहे का? आहे, आणि फार जुनं आहे. न झिलई केलेलं मातीचं भांडं गळ्यापर्यंत पुरायचं आणि भरून ठेवायचं. भोवतालची माती कोरडी झाली की ती भांड्याच्या बारीक छिद्रांतून पाणी ओढते. ओली झाली की ओढणं मंदावतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथात ही रीत दिली आहे. आपल्याकडे तिला मटका सिंचन म्हणतात. बँकेच्या भाषेत हे कॅश-क्रेडिट झालं. मर्यादा मंजूर करून ठेवायची, लागेल तेवढं गिऱ्हाईक उचलेल. उगाच सगळी रक्कम खात्यात ओतून त्याला बुडवायचं नाही.

मी एका रविवारी बदलापूरला गेलो. वहिनींच्या गॅलरीत आमची तुळस कमरेएवढी झाली होती. त्यांनी एक रोप दिलं, काही विचारलं नाही. परतताना ऑफिसातल्या एका मित्राचा फोन आला, त्याला मी उत्साहाने म्हटलं, "आता घरी जाऊन मटका लावतो." पलीकडे बराच वेळ शांतता. शेवटी म्हणाला, "अरे, काही अडचण असेल तर सोसायटीतून कर्ज काढ!"

मटका कुंडीत मावणार कसा? मग माळ्यावरून संक्रांतीची सुगडं काढली. यात एक ठेच लागली ती सांगतो. रंगवलेलं सुगड घेऊ नका. रंगाने छिद्रं बुजतात, पाणी आठवडाभर आत तसंच. साधं लाल सुगड घ्या. कुंडीच्या कडेला पुरा, मुळं तोडू नका, आणि तोंडावर पणती उपडी घाला. झाकण विसरलात तर आत डासांच्या अळ्या होतील, आणि पालिकेची माणसं कुंड्यांखालच्या थाळ्याही तपासून जातात. सहा-आठ महिन्यांनी सुगडावर क्षारांचा पांढरा थर धरतो, तेव्हा काढून काथ्याने घासा. कोरफडीजवळ हे मुळीच नको.

दोष? आहे आणि मोठा आहे. आमचं सुगड मे महिन्यात तीन दिवस पुरतं, फार तर चार. बारा दिवसांचं काम त्याच्याने होत नाही. म्हणजे आपण 'आपोआप' म्हणून ज्याच्या मागे लागलो, ते एवढंसं मडकं आपल्याला परत शेजाऱ्याच्या दारात नेऊन उभं करतं. परीक्षक म्हणून हा दोष मी नोंदवतो. माणूस म्हणून तक्रार करत नाही.

यंदा मे महिन्यात मी समोरच्या बिऱ्हाडाची बेल वाजवली आणि किल्ली दिली. त्यांचा मुलगा नववीत आहे. त्याला एवढंच सांगितलं की, तिसऱ्या दिवशी पणती उचलायची, सुगड भरायचं, पणती ठेवायची. तुळशीत वरून एक थेंबही घालायचा नाही.

सहाव्या दिवशी देवरुखला फोन आला. "काका, सुगडात अजून निम्मं पाणी आहे. पण तुमची तुळस आहे ना, म्हणून विचारलं. वरून एक तांब्या घालू का?"

मी अंगणात वृंदावनापाशी उभा होतो. घशाशी 'घाल' असंच आलं होतं.

"नको रे बाळा," म्हटलं. "बोट खुपसून बघ. ओली आहे ना? मग राहू दे."