दुसऱ्या सेंटरवर फॅट जास्त लागली, म्हणून काय सिद्ध झालं?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत दुधाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. "त्या सेंटरवर ३.४ फॅट लागली. तेच दूध दुसरीकडे नेलं तर ३.६ लागली. म्हणजे पहिला फॅट मारतोय." तक्रार खरी असू शकते. पण तिच्यासाठी दिलेला पुरावा कच्चा आहे, आणि तो का कच्चा आहे हे संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यायला हवं. कारण हाच कच्चा पुरावा नामांकित शोधनिबंधांतही सापडतो, आणि आपल्या स्वतःच्या विश्लेषणातही.

आधी पैशाचं बघू. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीला धरून ठरतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं तेव्हाही हीच प्रत धरली होती. एका दशांशाला गावात एक पॉइंट म्हणतात. फॅट पॉइंटने घसरली की दर कापला जातो. समजा पॉइंटला ३० पैसे कपात आहे आणि घरचं दूध रोजचं ४० लिटर आहे. एका पॉइंटमागे दिवसाला १२ रुपये, महिन्याला ३६० रुपये गेले. त्यामुळे गावात दोन-तीन सेंटर असतील तर माणूस एकीकडून दुसरीकडे जाणारच.

नव्वद शेतकऱ्यांचा हिशोब

आता कागद-पेन घ्या. समजा ९० शेतकरी आहेत आणि प्रत्येकाच्या दुधाची खरी फॅट बरोबर ३.५ आहे. 'अ' आणि 'ब' ही दोन्ही सेंटरं प्रामाणिक आहेत, पण दोन्हीकडची मशिनं थोडी डगमगतात. कधी ३.४ दाखवतात, कधी ३.५, कधी ३.६, तिन्हीची शक्यता सारखी.

सगळे आधी 'अ'कडे गेले. साधारण ३० जणांना ३.४ लागली. ३.५ किंवा ३.६ लागलेले खूश होऊन घरी गेले. नाराज झालेले ३० जण 'ब'कडे गेले. तिथे त्यांच्यापैकी साधारण १० जणांना ३.४, १० जणांना ३.५ आणि १० जणांना ३.६ लागली. म्हणजे २० जणांची फॅट वाढली, १० जणांची तेवढीच राहिली, कमी कुणाचीच झाली नाही. या ३० जणांची 'अ'कडची सरासरी ३.४, 'ब'कडची ३.५.

गावात निष्कर्ष निघाला की 'ब' चांगला, 'अ' चोर. पण आपणच तर दोघांना प्रामाणिक धरलं होतं! हाच खेळ उलटा करा. सगळ्यांना आधी 'ब'कडे पाठवा आणि नाराजांना 'अ'कडे. आता 'ब' चोर ठरेल. जो निष्कर्ष फक्त क्रम बदलल्याने उलटतो, तो सेंटरबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की दुसऱ्यांदा कोण गेलं. संख्याशास्त्रात याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात. टोकाचा आकडा आलेली माणसं वेगळी काढली की पुढच्या मोजणीत त्यांचा आकडा सरासरीकडे सरकतोच.

प्रत्यक्षात भर घालणाऱ्या आणखी गोष्टी असतात. कॅन दुसऱ्या सेंटरवर पोचेपर्यंत साय वर येते. न ढवळता वरचं दूध नमुन्यात गेलं तर फॅट आपोआप जास्त लागते. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधातही फरक असतो. तेव्हा "तेच दूध" हे शब्दसुद्धा तपासूनच वापरायला हवेत.

हाच धंदा कार्डांचा

अमेरिकेत खेळाडूंची छापील कार्डं जमवणाऱ्यांचा मोठा बाजार आहे. पीएसए, बेकेट, एसजीसी अशा कंपन्या कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मध्यावर आहे का हे पाहून १ ते १० श्रेणी देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. ९ आणि १० यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. मग एका कंपनीने ९ दिलेलं कार्ड लोक दुसरीकडे पाठवतात. पीएसएकडे अशा वेळी किमान श्रेणी लिहून देता येते. तेवढी मिळत नसेल तर कार्ड जुन्या डबीत तसंच परत येतं.

आपल्या दृष्टीने ही सोय फार बोलकी आहे. श्रेणी वाढली तर नोंद होते, नाही वाढली तर काहीच बदलत नाही. शिवाय १० मिळालेलं कार्ड पुन्हा तपासायला कोण पाठवेल? अशा बदललेल्या श्रेणींवरून कुठली कंपनी 'सढळ' आणि कुठली 'कडक' हे ठरवणं म्हणजे त्या ३० शेतकऱ्यांवरून सेंटर ओळखणं.

१९८२चा निबंध

आता शोधनिबंधाकडे येऊ. डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी यांनी मानसशास्त्राच्या १२ नियतकालिकांत आधीच छापून आलेले १२ लेख घेतले. मूळ लेखक नामवंत विभागांतले होते. या दोघांनी लेखकांची आणि संस्थांची नावं बदलून काल्पनिक, अनोळखी नावं टाकली आणि ज्या नियतकालिकाने लेख छापला होता त्याच्याकडेच तो पुन्हा पाठवला. तीन लेख ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले, आणि कारण म्हणून अनेकदा पद्धतीतले गंभीर दोष दाखवले गेले.

हा प्रयोग अजूनही "मोठ्या संस्थेचं नाव असलं की लेख छापला जातो" याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. इथे थांबा. ही नियतकालिकं साधारण ८० टक्के लेख नाकारणारी होती. क्षणभर धरू की परीक्षण म्हणजे निव्वळ चिठ्ठ्या टाकणं आहे आणि परीक्षक लेखकाचं नाव पाहतही नाहीत. तरी नऊपैकी आठ किंवा नऊ लेख नाकारले जाण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के येते. म्हणजे नावाचा पक्षपात अजिबात नसतानाही हा निकाल सहज येऊ शकतो.

शेतकऱ्यांच्या उदाहरणाशी जोडून बघा. तिथे फक्त कमी फॅटवाले परत गेले, म्हणून आकडा वर सरकला. इथे फक्त स्वीकारलेले लेख परत गेले, म्हणून निकाल खाली सरकला. नाकारलेले लेख पुन्हा पाठवलेच नाहीत, त्यामुळे त्यातले किती आता स्वीकारले गेले असते ते कळायला मार्ग नाही. आणि मूळ नावांसह पाठवलेला तुलनेचा गटही नाही. परीक्षणाचा निर्णय फारसा स्थिर नाही, हे या प्रयोगाने दाखवलं आणि ते महत्त्वाचं आहे. पण अस्थिरतेचं कारण संस्थेचं नाव आहे, हे त्यातून निघत नाही.

मग नीट कसं करायचं?

याचं चांगलं उदाहरण २०१४च्या निप्स परिषदेत आहे, जिला आता न्यूरिप्स म्हणतात. कोरिना कॉर्टेस आणि नील लॉरेन्स यांनी आलेल्या लेखांपैकी सुमारे १० टक्के, म्हणजे १६६ लेख, दोन स्वतंत्र समित्यांना दिले. लेख चिठ्ठी टाकावी तसे निवडले होते. पहिला निकाल बघून निवडले नव्हते. त्यातल्या ४३ लेखांवर दोन्ही समित्यांचे निर्णय वेगळे आले. एकीने घेतलेल्या लेखांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले. इथे हा आकडा विश्वासाने सांगता येतो, कारण दुसऱ्या तपासणीला कोण जाणार हे पहिल्या निकालावर ठरलेलं नव्हतं.

दुधालाही हेच लावा. ३.४ लागलेलंच नव्हे, सगळ्यांचं दूध दोन्ही सेंटरवर जाऊ द्या. दूध नीट ढवळून वाटा. कोण आधी 'अ'कडे आणि कोण आधी 'ब'कडे, हे नाणं उडवून ठरवा. नमुन्याच्या बाटल्या घेऊन कुणी आलं की ऑपरेटर सावध होतो, म्हणून दूध रोजच्यासारखंच घाला. त्याच दुधाचा तिसरा भाग प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने तपासा. हे बरेच दिवस करा.

आता दोन गोष्टी वेगळ्या दिसतील. मशीन नुसतं डगमगत असेल तर आकडे गर्बरच्या वर आणि खाली दोन्हीकडे जातील. एखाद्याने ते मुद्दाम खाली बसवलं असेल, किंवा कॅलिब्रेशनच चुकलेलं असेल, तर आकडे सतत एकाच बाजूला राहतील. चोरी सिद्ध करायला आधी हा एका बाजूचा कल दाखवावा लागतो. हेतू शोधणं ही त्याच्या पुढची पायरी. असा पुरावा हातात असेल तर "मशीन आहे, थोडं इकडे-तिकडे व्हायचंच" हे उत्तर चालत नाही. कच्च्या पुराव्याचा सगळ्यात मोठा तोटा खऱ्या तक्रारदारालाच होतो, कारण तो खोडायला सोपा असतो.

शेवटी आपल्या टेबलावरचं. पी-मूल्य ०.०७ आलं की आपण आउटलायर शोधतो, नोंदी परत तपासतो, दुसरी चाचणी लावून बघतो. ०.०४ आलं की लिहायला बसतो. हे ३.४ लागल्यावरच कॅन उचलून दुसऱ्या सेंटरवर जाण्यासारखंच आहे. नोंदी तपासण्याचे नियम निकाल बघण्याआधी लिहून ठेवा आणि जो आकडा आवडला त्यालाही तेच लावा. पुढच्या वेळी एखाद्या निबंधात "पुन्हा तपासल्यावर" असे शब्द दिसले की पहिला प्रश्न हा विचारा: पुन्हा तपासायला काय निवडलं, आणि काय निवडलं नाही?